जांभळाची बी
जांभळाचा हंगाम आला, की आमच्या बदलापुरात फळ खाणाऱ्यांइतकेच बी जपणारेही दिसू लागतात. शेजारचे दादा बिया वाळवून कुटतात, मधुमेहावर रोज चमचाभर चूर्ण घेतात; डॉक्टरांची गोळी मात्र वहिनींनी कितीही विनवले तरी टाळतात. ब्राझीलमध्ये रुग्णांना 28 दिवस जांभळाच्या पानांचा काढा देऊन पाहिला. 2004 साली निष्कर्ष छापून आला. काढ्याने साखर उतरली नाही, गोळीने उतरली. “ती पानांची गोष्ट, ही बीची!” दादा म्हणतात. खरेच आहे. पण बीचा निकाल लागेपर्यंत रक्तातली साखर थोडीच थांबते? चूर्ण घ्यायचेच तर डॉक्टरांना सांगून घ्यावे. साखर फार उतरली तरीही घातच. जांभूळ खावे, जीभ रंगवावी. गोळी सोडू नये.