बुरशी पानावर होती आणि लेन्समध्येही



दोन महिने या पानावर जवळून काढलेला एकही फोटो आला नाही, म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं. कॅमेरा बिघडला होता. आता दुरुस्त होऊन आलाय. पण त्यापायी जे नुकसान झालं ते आधी सांगतो. चूक माझी होती, तुमची होऊ नये.

गेल्या भाद्रपदात खट्ट्या बहराच्या अंजिराची पानं पिवळी पडायला लागली. आमच्या सासवड भागात पावसाळी अंजिराला तांबेऱ्याची भीती कायमच असते. मी पानाच्या खालच्या बाजूचे फोटो काढून आमच्या कृषी सल्लागारांना पाठवले. ते म्हणाले, "फोटो दुधाळ येतोय, परत काढा." परत काढला, तसाच आला. मला वाटलं, ढगाळ हवा आहे म्हणून. त्यांना फोटोत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा एवढंच दिसत होतं. त्यावरून त्यांनी मॅग्नेशियमची कमतरता असावी असं सांगितलं, पण खात्री करा असंही बजावलं. मी खात्री केली नाही. मॅग्नेशियम सल्फेट फवारलं आणि वाट बघत बसलो.

अकराव्या दिवशी पानगळ सुरू झाली. पडलेल्या पानाच्या पाठीवरून पांढरा रुमाल फिरवला तर रुमाल तांबूस झाला. तांबेराच होता. चाळीस झाडं जवळपास उघडी पडली. पान गेलं की फळ फुगत नाही, हे अंजीरवाल्यांना सांगायला नको. माल बारीक राहिला आणि निम्म्या दरानं गेला.

सल्लागारांना बोल लावून उपयोग नाही. त्यांना जे दिसलं त्यावर ते बोलले. दिसत नव्हतं ते माझ्या लेन्समुळं.

त्यात कॅमेऱ्यानं दुसरंच नाटक सुरू केलं. बटण दाबलं की पडद्यावर सूचना यायची, कॅमेरा आणि लेन्सचा संपर्क होत नाही, संपर्काच्या जागा पुसा. मऊ कोरड्या कापडानं पुसल्या. एखादा फोटो निघायचा, पुढच्याला पुन्हा तेच. मुलगा म्हणाला, "बाबा, टाका तो आता, मोबाईल आहे की." कॅमेरा मुलीच्या कॉलेजच्या वेळचा, चौदा वर्षांचा. लग्न होऊन जाताना माझ्याकडं ठेवून गेली. टाकवेना.

ओळखीच्या एका फोटोग्राफरनं कसबा पेठेतला एक दुरुस्तीवाला सांगितला. सासवडहून दिवे घाट उतरून स्वारगेट, तिथून मेट्रोनं कसबा पेठ स्टेशन, पुढं पायी. तांबट आळीतून गेलो. अजूनही काही घरांतून हातोड्याचा आवाज येतो. तांब्याच्या भांड्यावर ठोक्याशेजारी ठोका देत मठारकाम चाललेलं असतं. त्या ठोक्यांनी नुसती नक्षी होत नाही, पत्रा कडक होतो. एका दाराशी जुना बंब दुरुस्तीला आलेला होता. म्हटलं, बरोबर जागी आलोय.

जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली. टेबलावर दिवा, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि डबेच्या डबे स्क्रू. काकांचं वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी आधी लेन्स काढून मागून टॉर्च मारला आणि मला म्हणाले, "बघा आत."

आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे होते. मी म्हणालो, "काका, ही तर बुरशी."

"शेतकरी ना तुम्ही? मग तुम्हाला जास्त सांगायला नको. ठेवता कशात?"

"पिशवीत. कपाटात."

"पावसाळ्यात, ओल्या शेतातून आणला की तसाच?"

मी गप्प. बुरशीला काय लागतं हे मला तोंडपाठ आहे. ओल, अंधार, कोंडलेली हवा आणि थोडं खाणं. बीज तर हवेत सगळीकडं असतंच. लेन्सवरची धूळ आणि बोटांचं तेल एवढ्यावर ती पोसते. बियाणं आपण उन्हात वाळवून कोरड्या कोठीत ठेवतो, आणि कॅमेरा ओल्या पिशवीत कोंबतो.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अशा बुरशीचा डाग फोटोत सहसा वेगळा दिसत नाही. सगळा फोटोच दुधाळ होतो, काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होतो, उजेडाकडं तोंड केलं की जास्तच. म्हणून माणूस हवेला दोष देत बसतो. मी तेच केलं होतं.

मग संपर्काची तक्रार. लेन्सच्या आत पात्यांचं एक भोक असतं, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. डोळ्याच्या बाहुलीसारखं ते लहान-मोठं होतं. काकांनी ते पूर्ण उघडं ठेवून फोटो काढला, निघाला. लहान करून काढला, तक्रार आली. "पूर्ण उघडं असताना पात्यांना हलावं लागत नाही, म्हणून चालतं. पाती हलवायला गेलं की अडतं. आतली चपटी वायर तुटलीय. झूम मागं-पुढं करून ती घडीवर मोडते." आपल्याला तर जवळच्या फोटोला भोक लहानच लागतं, नाहीतर शीर स्पष्ट आली तर फोड पुसट येतो.

पैशांचंही काकांनी सरळ सांगितलं. "बाराशे होतील. थोडे जास्त घालून जुनी लेन्स विकत मिळेल, पण तिच्यात काय आहे ते तुम्हाला कळणार नाही. बुरशी मी साफ करतो. पण तिनं आम्ल सोडून काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग जाणार नाही." अशा जुन्या लेन्सची वायर नवी मिळायची पंचाईत, म्हणून ती दुसऱ्या मेलेल्या लेन्समधून काढून घालणार होते. मी म्हटलं, करा.

थांबायचं होतं म्हणून मंडईकडं चक्कर मारली. माल घेऊन येणाऱ्यांना तिथलं आर्यन वाहनतळ माहीत असेल. तिथं पूर्वी आर्यन थिएटर होतं. 1920 साली बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' तिथं लागला होता. त्यांचा भाऊ आनंदराव यांच्यापासून कॅमेरा घरी बनवायची खटपट सुरू झाली. आनंदराव 1916 साली वारले. पुढं बाबूराव आणि दामल्यांनी कोल्हापुरात तो कॅमेरा तयार केला. कोल्हापूरच्या माणसांनी अख्खा कॅमेरा हातानं बनवला, आणि मी पिशवीतला नीट सांभाळू शकलो नाही, असं मनात आलं.

लेन्स आठ दिवसांनी मिळाली. एका कडेला बारीक डाग राहिलाय, पण शिरेवरचा फोड आता वेगळा दिसतो. काकांनी सांगितलेलं आणि मी आता पाळतो ते असं:

1. पिशवीत कायमचं ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. छोटा आर्द्रतामापक टाकला तर उत्तम. आकडा पन्नासच्या आसपास असावा, सत्तरच्या वर गेला की बुरशीला मोकळं रान.

2. निळं सिलिका जेल ओल धरलं की गुलाबी होतं. मंद आचेवर तापवलं की परत निळं होतं. पण स्वयंपाकाच्या कढईत नको, त्यात घातक रसायन असतं.

3. तांदळात ठेवू नका. त्याची पूड आत जाते.

4. शेतातून आल्यावर आधी पुसा, हवेशीर सुकू द्या, मगच डब्यात ठेवा. फवारणी चालू असताना कॅमेरा बाहेर काढू नका.

5. लेन्स सूर्याकडं तोंड करून उघडी ठेवू नका. भिंगच ते, पाचट पेटेल.

6. महिन्यातून एकदा लेन्समध्ये टॉर्च मारून बघा. मोबाईलवाल्यांनी मागची काच रोज पुसा. बोटाचा तेलकट ठसाही फोटो दुधाळ करतो.

आणि फोटोवर निदान मागताना आधी पान हातात घ्या. तांबेऱ्याचा संशय असेल तर पानाच्या पाठीवर पांढरा रुमाल फिरवा. त्याला कॅमेरा लागत नाही. मी पहिल्या दिवशी तेवढं केलं असतं तर अकरा दिवस वाया गेले नसते.

सल्लागार मंडळींना एक विनंती. आमचा फोटो दुधाळ आला तर "परत काढा" म्हणताना "लेन्स तपासा" एवढंही सांगा. आम्हाला ते सुचत नाही.

उद्या मिठ्या बहराच्या पानांचे फोटो टाकतो. स्वच्छ दिसतायत का ते सांगा.