आपला क्लब कोणता?

प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार दोनच प्रकारच्या माणसांना असतो. एखाद्या गावी तीस वर्षं काढलेल्यांना, आणि सात दिवस काढलेल्यांना. पहिल्यांकडे माहिती असते, दुसऱ्यांकडे आत्मविश्वास. पु. ल. देशपांडे पन्नाशीत शांतिनिकेतनला जाऊन बंगाली शिकले. आम्ही पंचेचाळिशीत एल.टी.सी.वर सात दिवस कोलकात्याला गेलो. माझं बंगाली 'दादा' आणि 'कोतो?' यापलीकडे काही गेलं नाही. पण बँकेतल्या माणसाला 'किती?' एवढं विचारता आलं, की कुठेही निभावतं.

पहिल्याच दिवशी मिष्टी दोई खाल्लं. हे दही मातीच्या भांड्यात लावतात. माती जास्तीचं पाणी पिऊन टाकते आणि दही असं घट्ट बसतं, की भांडं उलटं केलं तरी जागा सोडत नाही. आमच्या हेडक्लार्कचीच आठवण झाली. दही संपलं की भांडं टाकून द्यायचं, असा तिथला रिवाज. हिने मात्र पाच भांडी धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत भरली. म्हणे, तुळशीची रोपं लावायला होतील. घसारा न काढता मालमत्ता वाढवावी कशी, हे आमच्या घरात शिकावं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाउस. उंचच उंच छत, खाली टेबलांची गर्दी, आणि एका कपावर तीन तास बसलेली मंडळी. शेजारच्या टेबलावर दोघे म्हातारे इतके तावातावाने भांडत होते, की मला वाटलं, वडिलोपार्जित घराची वाटणी चालली असावी. चौकशी केली तेव्हा कळलं, वाद होता सत्यजित राय मोठे की ऋत्विक घटक! घटक १९७६ साली गेले, राय १९९२ साली. निकाल अजून राखून ठेवलेला आहे.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी झाली. एका ट्रेनिंगमध्ये ओळख झालेले, आता निवृत्त झालेले तिथले एक बँकवाले दादा आम्हाला जेवायला घेऊन गेले. चपला काढतो न काढतो तोच त्यांनी विचारलं, "आपला क्लब कोणता?"

मी म्हटलं, "आमच्या सोसायटीत हास्यक्लब आहे."

दादांना हसू आलं नाही. मग त्यांनी खातं उघडून दाखवलं. मूळचे पश्चिम बंगालचे ते घोटी. (इगतपुरीजवळची घोटी वेगळी.) त्यांचा क्लब १८८९ सालचा मोहन बागान, आणि मासळीत त्यांची कोळंबी. पूर्व बंगालातून आलेले ते बांगाल. त्यांचा १९२० सालचा ईस्ट बंगाल, आणि त्यांचा इलिश. ज्याचा क्लब जिंकेल त्याच्या मासळीचा भाव संध्याकाळी वाढतो म्हणतात. १९११ साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असं हरवून शील्ड जिंकलं, तेव्हा अकरापैकी दहाजण अनवाणी खेळले होते. दादा कट्टर बांगाल, पण हे सांगताना त्यांचाही आवाज चढला. शत्रूची थकबाकी इतक्या प्रामाणिकपणे नोंदवणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

बौदींनी मोहरीतला इलिश वाढला. या माशाचे काटे म्हणजे ताळेबंदातला फरक. एक सापडला की दुसरा हजर. काटे काढता काढता मी सहज म्हणालो, "दादा, नव्वद मिनिटांच्या खेळाचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

दादांनी हात थांबवला. म्हणाले, "बाबा फाळणीनंतर बरिशालहून आले ते एक ट्रंक घेऊन. घर, तळं, नारळाची झाडं, सगळं पलीकडे. पूर्व बंगालचं नकाशावर १९५५ साली पूर्व पाकिस्तान झालं, १९७१ साली बांगलादेश. बाबांच्या देशाचं नाव मोठ्याने घ्यायला एकच जागा उरली, मैदान. तिथे हजारो माणसं ते एकदम ओरडायची. बाबांना फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं."

मला वाटतं, तेवढा वेळ पंख्यानेही आवाज केला नाही. मग बौदींनी न विचारता माझ्या पानात दुसरा तुकडा वाढला.

आपण मराठी माणसं गाव आडनावात ठेवतो. मागे 'कर' लावला की झालं. बंगाल्याने निदान वर्षातून चार वेळा ओरडून गावाची चौकशी तरी केली. माझ्या आडनावातलं गाव सातारा जिल्ह्यात आहे म्हणे. आजोबांनी ते सोडलं, वडिलांनी दोनदा पाहिलं, आणि मी ते वीस वर्षं व्हाउचरवर सही म्हणून वापरतो आहे. खातं चालू, पण ठेव किती ते कुणी पाहिलेलं नाही.

गेल्या सोमवारी मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या जागी गावाचं नाव लिहिलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तिथे कोण आहे तुमचं?"

"कुणी नाही साहेब," मी म्हटलं, "आमचा क्लब आहे."