वैशाखांतील एक पंगत

कोंकणची शोभा पाहावयाची तर श्रावणांत जावें असें म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. परंतु कोंकणांतलें नांदतें घर पाहावयाचें असेल, तर वैशाखाखेरीज दुसरा काळ नाहीं. वर्षाचे दहा-अकरा महिने ज्या घरांत दोन वृद्ध माणसेंच वावरत असतात, तेथें सुट्टी लागतांच मुंबई-पुण्याचीं बिऱ्हाडें येऊन उतरतात. माळ्यावरचीं मोठीं पातेलीं खालीं येतात, आणि वडील माणसें म्हणतात, "सगळींच आलां आहांत, तर एक दिवस पंगत करूं." त्या एका दिवसाविषयीं, आणि त्या दिवशीं शेवटच्या पानावर कोण बसतें याविषयीं, येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचें मूळ घर गुहागरचें. चिपळूणहून पश्चिमेस सुमारें ४५ किलोमीटर गेलें कीं हें गांव लागतें. पूर्वीं मंडळी आगबोटीनें दाभोळास येऊन खाडी ओलांडीत. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सर्व मार्गावर धांवूं लागल्यापासून चिपळूणास उतरून मोटारीनें येतां येतें. गांवचा रस्ता समुद्राला समांतर आहे. रस्त्यालगत खळें, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागील दारीं विहीर, आणि तेथून थेट पुळणीपर्यंत नारळी-पोफळींची वाडी, अशी आमच्या घराची ठेवण आहे.

उन्हाळ्यांतील पंगत आम्ही दुपारीं करीत नाहीं. सायंकाळीं साडेसहाला खळ्यांत पानें मांडतों. दिवसभर समुद्रावरून येणारा खारा वारा त्या वेळीं अद्याप वाहत असतो. तो पडला, कीं रात्रीं उशिरां जमिनीवरून मतलई वारा सुटेपर्यंतचा वेळ मोठ्या उकाड्याचा जातो. खळें शेणानें सारवलेलें, वर झावळ्यांचा मांडव. पाऊस येण्यापूर्वीं हा मांडव उतरवावाच लागतो. तेव्हां बहुधा ही त्याची शेवटचीच सेवा असते.

पंगतीचा दिवस पंचांगापेक्षां आंब्याची अढीच ठरविते. हापूस झाडावर पिकूं देत नाहींत. तयार झालेलें फळ देठासकट झेल्यानें उतरवून पेंढ्यांत घालावें, म्हणजे आठ-दहा दिवसांनीं त्याचा वास माजघरांत दरवळूं लागतो. कोंकणच्या हापुसाला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें व रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें आणि पालघर या जिल्ह्यांचा त्या नांवावर हक्क नोंदला गेला, हें उत्तमच झालें; पण अढींतलें कोणतें फळ आज आणि कोणतें परवां, हें अजून घरच्या नाकालाच विचारावें लागतें. यंदां चोवीस पानांना चार डझन आंबे लागले. निम्मे हापूस, निम्मे पायरी.

आल्यागेल्याच्या हातीं प्रथम कैरीचें पन्हें दिलें. पानावर वर मीठ. डावीकडे लिंबू, करवंदांचें लोणचें, वाटली डाळ आणि काकडीची कोशिंबीर. उजवीकडे कच्च्या गऱ्यांची भाजी व काजूगरांची उसळ. पहिला भात साध्या वरणाचा, त्यावर तूप. मग तोंडलीं घातलेला मसालेभात. त्यानंतर पुऱ्या आणि आमरस. रसांत चिमूटभर सुंठ. पुढें नारळाच्या दुधाबरोबर फणसाचें सांदण, आणि शेवटीं ताकभात व सोलकढी. भाजीला कापा फणस लागतो, तर सांदणाला बरक्याचाच रस हवा. हा क्रम जुनाच आहे. जड पदार्थ मध्यें, आणि पोट शांत करणारे दोन्हीं टोकांस, ही त्यांतली योजना उन्हाळ्यांत विशेष पटते.

जुना क्रम बसण्याचाही होता. नैवेद्य, मग मुलें व पुरुष, मग बायका, आणि सर्वांच्या शेवटीं जिनें रांधलें ती. तिच्या पानावर पुरी वातड होऊन येई, आणि रस पातेल्याच्या तळाचा. आमची थोरली काकू आज ऐंशीच्या पुढें आहे. लग्न होऊन या घरांत आली त्या वर्षापासून तिचें पान शेवटचें. यंदां धाकट्या पुतण्यांनीं ठरविलें कीं स्वयंपाकघरांतल्या साऱ्याजणी पहिल्या पंगतीला बसतील आणि वाढावयास मुलगे व जांवई राहतील. "जांवयांना ताटकळत ठेवणार?" असें थोरले काका म्हणाले. त्यावर धाकटे जांवई पंचा कमरेला बांधून म्हणाले, "मामंजी, वरण मी वाढतों, तूप तुम्ही वाढा." काका क्षणभर थांबले, आणि त्यांनीं तुपाची तांबली उचलली.

काकू बसली खरी, पण दोनदां उठूं लागली. पुऱ्या कोण तळतें आहे याची तिला काळजी. मग पानावर वाफेचें सांदण आलें. तिनें एक घांस घेतला, थोडी थांबली, व म्हणाली, "ऊन असतांना याला वेलदोडा लागतच नाहीं गो! इतकीं वर्षें मी उगीच घालीत आलें."

तिच्या हातचें सांदण गांवांत वाखाणलेलें; पण तें गरम असतांना तिनें स्वतः कधीं खाल्लेंच नव्हतें. शेजारीं बसलेल्या पुतणीनें तेथेंच प्रमाण विचारून घेतलें: एक वाटी तांदळाच्या कण्या, एक वाटी रस, अर्धी वाटी गूळ. चुलीपुढें असें निवांत सांगावयास काकूला सवड नसे, आणि विचारावयाचें कोणाला सुचतही नसे. अशा घरांतून दरवर्षीं एकेक माणूस कमी होतें, आणि त्याच्याबरोबर एकेक पदार्थ जातो. तो वांचवावयाचा, तर जिला तो येतो तिला पानावर बसवून बोलतें केलें पाहिजे.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी पंगत व्हावयाची असेल, त्यांनीं आदल्या दिवशीं नारळ खवून, डाळ निवडून ठेवावी. लोणचें, पन्हें, कोकमाचें आगळ हीं आधींच तयार असावीं, म्हणजे ऐन वेळीं चुलीवर भात, पुऱ्या आणि सांदण इतकेंच उरतें. तळावयास दोघांनीं आळीपाळीनें बसावें. आणि वाढपी कोण, हें आदल्या रात्रींच नांवानिशीं ठरवून टाकावें. पानें मांडल्यावर हा प्रश्न निघाला, तर जी रोज उठते तीच पुन्हां उठते.