सायकल, भ्रमणध्वनी आणि रविवारची सकाळ

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून सातवाहनांची किंवा शिलालेखांची अपेक्षा असणार, हे मी जाणून होतो. लेणी पुढे येतीलच. परंतु आज लिहावयाचे आहे ते माझ्या एका निरुपयोगी छंदाविषयी. दर रविवारी पहाटे मी सायकल घेऊन बाहेर पडतो. हँडलवर स्मार्टफोन अडकवलेला असतो. कुठे पोहोचावयाचे नसते, काही आणावयाचे नसते. केवळ आनंदासाठी वीस-पंचवीस किलोमीटर.

'केवळ आनंदासाठी' हे शब्द लिहिताना हात किंचित थबकतो. आमच्या घरी सायकल आली ती ओझे वाहण्यासाठी. वडील तिच्यावरून जळणाच्या मोळ्या, दळणाचे पोते आणि आम्हा भावंडांना वाहत. गावच्या चावडीसमोर आले की ते खाली उतरत, सायकल हाती धरून चालत आणि वेस ओलांडल्यावर पुन्हा टांग मारत. का, हे आम्ही कधी विचारले नाही. गावात ते सर्वांनाच ठाऊक होते. वाहनावर कोणी बसावे आणि कोणी उतरावे याचेही नियम ज्या समाजाने केले, तेथे निवांतपणे पायडल मारीत हिंडणे ही बाब वाटते तितकी क्षुल्लक नाही.

सायकलचा स्वतःचा इतिहासही मोठा बोलका आहे. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी जे दुचाकी वाहन चालवून दाखविले, त्याला पायडलच नव्हते. जमिनीला पाय रेटीत पुढे जावयाचे. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्ली यांची 'रोव्हर' आली, १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला आणि सुखवस्तूंची ही हौस हळूहळू कामगारांच्या हाती पोहोचली. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता चळवळीने हजारो ग्रामीण स्त्रियांना अक्षरांबरोबर सायकलही शिकविली. हा भाग शिकविताना वर्गातील मुली इतर दिवसांपेक्षा अधिक प्रश्न विचारतात, असा माझा अनुभव आहे.

स्मार्टफोनशी माझी मैत्री त्या मानाने उशिरा जमली. विज्ञानाच्या सहकारी शिक्षकांनी मला समजावून दिले, की आपण कुठे आहोत हे फोन कोणाला विचारीत नाही. तो केवळ ऐकतो. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ सांगत राहतात, आणि किमान चार उपग्रहांचे संदेश किती विलंबाने आले यावरून तो आपले स्थान काढतो. ही व्यवस्था मुळात अमेरिकेच्या सैन्याची. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, म्हणून आज माझी सायकल डांबरी सडकेवर आहे की बाजूच्या पायवाटेवर, हे बहुधा ओळखता येते. साधनांची मालकी बदलत नसली, तरी वापर बदलतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

सायकलस्वारांसाठीचे ॲप मात्र थोडे आगाऊ असते. चढावर धापा टाकीत असताना ते कोणा अनोळखी तरुणाने हाच चढ माझ्या निम्म्या वेळात पार केल्याचे कळविते. ती तुलना मी बंद करून टाकली. स्पर्धा परीक्षांनी आपल्या मुलांचे पुरेसे रविवार घेतले आहेत; माझा एक शिल्लक राहू द्यावा.

माझी आवडती वाट नागसेनवनातून निघते. बाबासाहेबांनी १९५० मध्ये उभारलेल्या महाविद्यालयाच्या झाडीतून शहराच्या उत्तरेकडील डोंगराकडे वळावे, पायथ्याशी सायकल लावून औरंगाबाद लेण्यांच्या पायऱ्या चढाव्यात. सातव्या लेण्यात बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचे एक शिल्प आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रवासातली संकटे कोरली आहेत : आग, सिंह, सर्प, मत्त हत्ती, बुडते जहाज. व्यापारी मार्गांवरून चालणाऱ्यांनी येथे थांबून काय मागितले असेल, ते त्या दगडावर दिसते. विद्यार्थिदशेत मी ते अंधुक पाहिले होते. आता फोनच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश न लावता, हात जोडून बसलेल्या छोट्या आकृती मोठ्या करून न्याहाळता येतात. खाली उतरून सायकलवर बसताना त्या यादीत आजच्या ट्रकचीही भर घालावी, असे हमखास वाटते.

एकदा माझ्या फेरीची ॲपने काढलेली निळी रेघ मी आईला दाखविली. ती आता ऐंशीच्या घरात आहे. सुट्टीच्या दिवशी मुलगा विनाकारण घाम गाळून येतो, हे तिला पटत नाही. "एवढं फिरून येतूस, त्याचं मस्टर कोन भरतं?" असे तिने मला विचारले आहे. त्या दिवशी उपग्रहचित्रावर बोट ठेवून मी गाव, ओढा, पाझर तलाव दाखवीत गेलो. एका वळणावर तिने माझा हात धरला. १९७२ च्या दुष्काळात त्या रस्त्याची खडी तिने फोडली होती. मुकादम कुठे बसे, सुकडी कुठे वाटत, हे ती पडद्यावर दाखवू लागली. "आन् हितं लिंबाखाली तू झोळीत," ती म्हणाली. मी चित्र मोठे केले. लिंब आता नाही. तेथे विजेचा खांब आहे. त्या वळणावर दर रविवारी मी गिअर बदलत होतो. आता उतरून दोन मिनिटे थांबतो.

विद्यालयात मुलांच्या हाती फोन नसावा, हा वसतिगृहाचा नियम मला मान्य आहे. पण महिन्यातून एका रविवारी इयत्ता नववीची काही मुले-मुली विद्यालयाच्या सायकलींवर माझ्याबरोबर येतात, आणि एकच फोन सर्वांत मिळून वापरतात. रेघ त्यांची, छायाचित्रे त्यांची, वहीतली नोंदही त्यांचीच.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका फेरीत नकाशावर एक वस्ती जातीच्या नावाने दिसली. राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये घेतला. वस्तीच्या कमानीवर नवे नाव ठळक अक्षरांत रंगविलेले होते, नकाशा मात्र जुनेच सांगत होता. "सर, हे खोडता येतं का?" एका मुलीने विचारले. येते, असे मी सांगितले. कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. सावलीत सायकली उभ्या करून मुलांनी कमानीचे छायाचित्र घेतले, समाजमंदिराच्या ओट्यावरील आजोबांना नावाचा ऱ्हस्व-दीर्घ विचारून घेतला आणि टंकलेखन त्या मुलीने केले. नऊ दिवस काही झाले नाही. रोज संध्याकाळच्या वंदनेनंतर कोणी ना कोणी येऊन, "सर, झालं का?" असे विचारून जात असे. दहाव्या दिवशी झाले. त्या मुलीने फोन हातात घेऊन 'समतानगर' ही सहा अक्षरे मोठ्याने वाचली, आणि मग पुढच्या फेरीसाठी नकाशा दौलताबादकडे सरकवला.