टेस्टर तर पेटतो...

परवा शनिवारी खण आवरताना जुना मल्टिमीटर सापडला आणि थेट २०१७ सालचं बालेवाडी आठवलं. रोबोकॉनची राष्ट्रीय फेरी. त्या वर्षी रोबोटने फ्रिस्बी फेकायच्या होत्या, सामना ३ मिनिटांचा. आणि आदल्या रात्री आमच्या रोबोटचं नाटक सुरू! सगळ्या मोटर्स एकदम फिरल्या की कंट्रोलर रिसेट.

कंट्रोलरपाशी मोजलं तर साडेबारा व्होल्ट. म्हणजे वायरिंग ओके. वायरिंग माझंच होतं ना! मग मी बिनधास्त प्रोग्रॅमवाल्या मित्रावर घसरलो. बिचारा निमूटपणे कोड चाळत बसला.

रात्री दीडला धावड्याला वडिलांना फोन लावला. शेतीला रात्रीची लाईट होती, त्यामुळे तात्या विहिरीवर जागेच. सगळं ऐकून म्हणाले, "अरे, लूज वायरीवर बी टेस्टर पेटतो. मोटर चालू कर, मग मोज."

मोजलं. व्होल्टेज धाडकन निम्म्यावर! बॅटरीच्या कनेक्टरचं सोल्डरिंग कच्चं होतं. मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून त्याला सगळं ठीक दिसतं. पण ०.२ ओहमच्या जोडातून मोटर्सनी ३० अँपिअर ओढले, की ६ व्होल्ट तिथेच गायब. कंट्रोलरने करावं काय?

जोड पाच मिनिटांत पक्का झाला. 'सॉरी' म्हणायला मात्र दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ उजाडली. तो नुसता हसला आणि चहा मागवला.

हल्ली ऑफिसात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं तोंडावर आलं, की आधी लोड टाकून बघतो. मग बोलतो.