किती खर्च येईल, डॉक्टर?

कुत्र्याला घेऊन दवाखान्यात आलेला माणूस ‘डॉक्टर, खर्च किती येईल?’ असं विचारायचा, तेव्हा तो माझ्या मनातून उतरायचा. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी त्यांच्या लॅब्रेडोरच्या ऑपरेशनचा आकडा ऐकून ‘घरी विचारून कळवतो’ म्हटलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते. जनावर घरात आणलं की ते घरचं, आणि घरच्यांच्या दुखण्यात पैशाकडे बघायचं नसतं, असं माझं ठाम मत होतं. आता ते राहिलेलं नाही. हा प्रश्न पहिल्याच दिवशी, डॉक्टरांच्या समोर, मोकळेपणानं विचारावा असं मी आज म्हणते. मत बदललं ते ठमीच्या आजारपणात.

ठमी गावठी. पार्किंगमध्ये भर पावसात सापडलेली, रंगानं तांबूस, एका कानाचं टोक तुटलेलं. म्हातारपणी ती फार पाणी प्यायला लागली. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग ताटलीत अन्न राहायला लागलं, तोंडाला लघवीसारखा उग्र वास यायला लागला. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन सहाच्या वर. कुत्र्याच्या मूत्रपिंडांची जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद संपेपर्यंत हा आकडा वाढतच नाही. म्हणजे रिपोर्टमध्ये आजार दिसतो तेव्हा तो आत केव्हाचा मुरलेला असतो.

पहिल्या दवाखान्यात तिला ॲडमिट केलं. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, रोज सकाळी रक्त. संध्याकाळी भेटायला गेलं की आधी काउंटरवर कार्ड, मग ठमी. एकूण किती होतील हे तिथे कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे तिला तराजूत टाकणं, असं मला वाटे. घरी गृहकर्जाचा हप्ता होता, मुलाचं बारावीचं वर्ष होतं, क्लासची फी भरायची होती. एका रात्री सासूबाई सहज म्हणाल्या, ‘माझ्या मोतीबिंदूचं पुढच्या वर्षी बघू गं. मला काही घाई नाही.’ त्या चष्मा कपाळावर चढवून, पोथी नाकाशी धरून वाचत होत्या. मी पैशाकडे बघत नव्हते, पण पैसा कुठून तरी येतच होता. तो कुणाच्या वाट्याचा, हे मला त्या रात्री दिसलं. ठमीवरचं माझं प्रेम तिथे कमी झालं नाही. पण खर्चाचं नाव न काढणं म्हणजे प्रेम, हे समीकरण मला तिथून पुढे जड जायला लागलं.

दुसऱ्या मतासाठी ज्यांच्याकडे गेलो ते डॉक्टर वयस्कर, दवाखाना दोन खोल्यांचा. त्यांनी ठमीच्या हिरड्या बघितल्या, कातडी चिमटीत धरून सोडली, ती किती हळू खाली बसते ते आम्हाला दाखवलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, ‘तुमची महिन्याची ऐपत सांगा, ताई. लाजू नका. ती कळल्याशिवाय मी उपचार आखणार कसा?’ कुणी हे इतकं सरळ विचारील असं वाटलं नव्हतं. मी आकडा सांगितला. त्यांनी एका कागदावर या आठवड्यात काय लागेल, काय थांबू शकेल आणि काय केल्यानं काहीच फरक पडणार नाही, ते लिहून काढलं. रोजची रक्ततपासणी त्यांनी बंद केली. म्हणाले, ‘ज्या रिपोर्टनं माझं औषध बदलणार नाही, तो मी काढायला सांगत नाही.’ डायलिसिसचंही समजावलं. लेप्टोसारख्या आजारानं मूत्रपिंडं अचानक बंद पडली, तर डायलिसिस त्यांना सावरायला वेळ मिळवून देतं. ठमीची वर्षानुवर्षं झिजत आलेली होती, ती परत भरून येणार नव्हती. डायलिसिस सुरू केलं असतं तर ते जन्मभर चालवावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी मला वडील आठवले. नगरकडच्या आमच्या गावी बैल आजारी पडला की तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर यायचे. वडील एका दमात दोन्ही विचारायचे, ‘उठंल का, सायेब? आन किती लागतील?’ मग रात्रभर गोठ्यात बसून मिठाच्या पुरचुंडीनं त्याला शेकायचे. पोळ्याला त्याच बैलाची शिंगं रंगवून त्याला पुरणपोळी भरवायचे. त्यांचं प्रेम कमी आहे असं गावात कुणाच्या मनातही आलं नसेल. गोठ्यातल्या एकाचं दुखणं घरातल्या सगळ्यांना झेपलं पाहिजे, हे तिथे गृहीतच होतं. शहरात येऊन नोकरीला लागल्यावर मला तोच प्रश्न कोरडा का वाटायला लागला, कोण जाणे.

एक कारण हेही असेल की पूर्वी एवढे पर्याय नव्हते. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं. शेजारच्या इस्पितळाला लोक आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, यावरूनच तिथे कोण रुग्ण येत असतील ते कळतं. आता महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ पासून चालू आहे, तिथे एमआरआय आहे, सीटी स्कॅन आहे, अतिदक्षता विभाग आहे. कित्येक कुत्री-मांजरं त्यामुळे वाचतात, आणि हे फार चांगलं झालं. पण करता येण्यासारखं जितकं वाढत जातं, तितकं ‘कुठवर करायचं?’ हे ठरवणं आपल्यावर येतं. विम्याचाही अशा वेळी उपयोग होत नाही. आधीपासूनचा आजार तो धरत नाही आणि म्हातारं कुत्रं नव्यानं सहसा घेत नाही.

घरी आणल्यावर आम्ही सलाईन द्यायला शिकलो. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खिडकीच्या गजाला टांगायची, खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी वर उचलून तिच्याखाली सुई घालायची. पाणी कातडीखाली जमतं, पाठीवर उंचवटा येतो, तो हळूहळू एका बाजूनं कोपरापर्यंत उतरतो आणि रात्रीतून जिरतो. पहिल्यांदा माझे हात इतके कापत होते की मुलानंच सुई घातली. ठमी ताटलीतल्या भाताकडे बघत शांत उभी राहिली. मऊ भात, अंड्याचा पांढरा बलक, थोडं तूप आणि जेवणातच फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी. एका दिवसाच्या ॲडमिशनच्या पैशात तिचा पंधरवडा निघायचा. ती आपल्या जागेवर, आपल्या माणसांत होती आणि संध्याकाळी गेटपर्यंत चालत येत होती.

डॉक्टरांनी आणखी एक केलं. अमेरिकेतल्या डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी आजारी प्राण्यांसाठी सात निकष मांडले आहेत: वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर पुढे चालू ठेवायला हरकत नाही. हे निकष समजावून आमचे डॉक्टर म्हणाले, ‘आत्ताच, ती बरी असताना ठरवा. त्या दिवशी ठरवायला गेलात तर तुम्हाला जमायचं नाही.’ आम्ही घरात बसून ठरवलं. पुन्हा ॲडमिट करायचं नाही, डायलिसिस नाही, आणि तोंडात फोड येऊन पाणीसुद्धा पोटात ठरेना झालं तर झोपेचं इंजेक्शन द्यायचं. खर्चाचा आकडाही त्याच कागदावर लिहिला. लिहिताना माझा हात अडला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

पावसाळा संपता संपता तो दिवस आला. डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शेवटचं. सासूबाई तिच्या डोक्याशी बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं.

मुलाला हे सगळं अजून पटलेलं नाही. परवा तो म्हणाला, ‘आई, मी कमावत असतो ना, तर डायलिसिस केलं असतं.’ मी त्याला म्हटलं, तुझे पैसे असते तर मी अडवलं नसतं, पण डॉक्टरांना तेच विचारायला लावलं असतं: किती लागतील, आणि त्यातून ठमीला काय मिळेल? त्यावर तो म्हणाला, दुसरा प्रश्न ठीक आहे, पहिला नको. आमचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही.