उशीर म्हणजे उशीर!

"मराठी विभागासाठी तू लिहिणार?" हा प्रश्न मला गेल्या पंधरा दिवसांत निदान दहा जणांनी विचारलाय. त्यांचंही चूक नाही म्हणा. मी पहिली ते दहावी कॉन्व्हेंटची. मराठीचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असायचा आणि तो निम्मा पेंगण्यात जायचा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा अजूनही गोंधळ होतो. होस्टेलला आल्यावर महिन्याभरातच माझं नाव 'कॉन्व्हेंट' पडलं. आमच्याकडे तशी पद्धतच आहे, माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायची. नाशिक, जळगाव, वसई, कोल्हापूर वगैरे. मला मात्र गावाऐवजी शाळा मिळाली! असो.

तर हा लेख आहे आमच्या अंदाज-वहीबद्दल.

ऑगस्ट २०२४. आम्ही नुकतेच सेकंड इयरला आलो होतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा नवीन सीझन सुरू होणार होता आणि टपरीवर रोज तोच विषय. नाशिक आर्सेनलचा भक्त, जळगाव मँचेस्टर युनायटेडचा (त्यामुळे कायम दुःखी). वाद वाढत गेला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "एवढं कळतं ना तुम्हाला, मग लिहून द्या!" झालं. आठ जणांची अंदाज-स्पर्धा सुरू झाली. दर आठवड्याला दहा मॅचेस. स्कोअर अगदी बरोबर आला तर ३ गुण, नुसता निकाल बरोबर आला तर १ गुण. पैसे अजिबात लावायचे नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरलं. आठवड्यात ज्याला सगळ्यात कमी गुण, त्याने सगळ्यांना कटिंग आणि क्रीमरोल द्यायचा. पहिल्या नंबराला काय? काही नाही. फक्त वहीच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव. पण त्या पानासाठी काय मारामारी असायची म्हणून सांगू!

वही माझ्याकडे आली. कारणं दोन. एक, माझं अक्षर बरं (सिस्टरांची कृपा). दुसरं म्हणजे शनिवारच्या बऱ्याचशा मॅचेस रात्री, त्या मुलांच्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये बघितल्या जायच्या आणि आमच्या होस्टेलचं गेट साडेनऊला बंद. जिला मॅच बघता येत नाही तिने हिशेब ठेवावा, असा एकंदर न्याय झाला. मी जाड पुठ्ठ्याची वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि पहिल्या पानावर नियम लिहिले. शेवटचा नियम होता : 'अंदाज ग्रुपवर शनिवारी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत. उशीर म्हणजे उशीर.' हे शेवटचं वाक्य थेट आमच्या शाळेच्या गेटवरचं. तिथे घंटा झाली की पोरगी रडत असली तरी गेट बंद!

पाचच का? कारण शनिवारची पहिली मॅच इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला असते, म्हणजे आपल्याकडे पाच. चेंडूला पाय लागायच्या आत अंदाज यायला हवा, एवढाच हेतू. पण हेतू मी वहीत लिहिला नव्हता. वहीत फक्त पाच लिहिलं होतं.

आता माझ्या ज्ञानाबद्दल. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं, पण एम-थ्रीला तेव्हा प्रोबॅबिलिटी चालू होती. म्हटलं, पॉयसाँ डिस्ट्रिब्यूशन वापरूया! समजा घरची टीम सरासरी १.५ गोल करते आणि पाहुणी टीम १.२. कॅल्क्युलेटर काढून बसलं तर सगळ्यात जास्त शक्यता निघते ती १-१ या स्कोअरची. किती? फक्त १२ टक्के. म्हणजे सगळ्यात शहाणा अंदाज लिहिला तरी १०० पैकी ८८ वेळा आपण चूक! हे गणित मी टपरीवर समजावून सांगितलं तेव्हा कोल्हापूर शांतपणे म्हणाला, "म्हंजे तुझ्या इंजिनिअरिंगनं एवढंच कळलं, की कळत नाही."

कोल्हापूरबद्दल सांगायलाच हवं. आम्ही बाकीचे सगळे टीव्हीवरचे फुटबॉलवाले. तो खरा. त्याच्या गावात पेठापेठांतल्या तालमींच्या टीम आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ... शाहू स्टेडियमवर त्यांची मॅच असली की हजारो माणसं जमतात. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात आपल्या टीममध्ये खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. आमचा कोल्हापूरही एका तालमीच्या लहान गटात खेळायचा. बारावीला सीईटीच्या क्लाससाठी त्याचे बूट माळ्यावर गेले ते गेलेच. हे त्याने मला एकदाच, सहज बोलता बोलता सांगितलं होतं. मीही सहजच ऐकलं.

तर २ नोव्हेंबर २०२४. त्या दिवशी दिवाळी पाडवा होता, सगळे आपापल्या घरी. पाच वाजेपर्यंत सात जणांचे अंदाज आले. कोल्हापूरचे आले ५ वाजून २५ मिनिटांनी. पहिलीच ओळ : न्यूकॅसल १, आर्सेनल ०. मी घरी फराळाचं ताट मांडीवर घेऊन बसले होते. वेळ बघितली आणि लाल पेनाने त्याच्या रकान्यावर काट मारली. उशीर म्हणजे उशीर.

त्या आठवड्यात सगळ्यांचेच अंदाज कोसळले. न्यूकॅसलने आर्सेनलला खरोखरच १-० हरवलं, बाराव्या मिनिटाला अलेक्झांडर ईसाकने हेडरवर गोल केला. त्याच दिवशी बोर्नमथने मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं. कोणी लिहिणार होतं हे? मला कसेबसे ४ गुण मिळाले. सातांमध्ये सगळ्यात कमी. पण कोल्हापूरला शून्य असल्यामुळे चहा त्याच्यावर गेला. त्याचे अंदाज धरले असते तर त्याला ९ मिळाले असते, तो पहिला आला असता आणि चहा मला द्यावा लागला असता. हे मी मनातल्या मनात मोजलं होतं, खोटं कशाला सांगू.

सुट्टी संपवून सगळे परत आले. कोल्हापूरने काही न बोलता आठ कटिंगचे पैसे दिले. आणि तिथेच नाशिक हसत हसत म्हणाला, "माझी काय वाट लागली माहितीये? पाचला टीव्हीसमोर बसलो तर मॅचच नाही! सहाला सुरू झाली. तासभर नुसत्या चकल्या खाल्ल्या."

माझा घोट घशातच अडकला.

खोलीवर जाऊन शोधलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमध्ये सगळी घड्याळं एक तास मागे घेतात. २०२४ मध्ये तो रविवार होता २७ ऑक्टोबर. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे तिथले साडेबारा आता आपले सहा. कोल्हापूरचे अंदाज मॅच सुरू व्हायच्या ३५ मिनिटं आधी आले होते! आमच्या नियमाचा जो हेतू होता, त्यात तो अगदी व्यवस्थित बसत होता.

आता शहाण्या मुलीने काय केलं असतं? खाली जाऊन सांगितलं असतं, "माझी चूक झाली." मी नाही सांगितलं. मनात म्हटलं, नियम तर पाचचाच होता ना? शिवाय चहा पिऊन झालाय, आता वही कशाला उघडा? आणि अगदी तळाशी जे होतं ते असं, की उघडलं तर सगळे म्हणणार, कॉन्व्हेंटने स्वतःचा चहा वाचवला. मी वही बंद केली आणि गप्प बसले.

पुढच्या शनिवारी कोल्हापूरचे अंदाज आलेच नाहीत. "सबमिशन आहे गं," म्हणाला. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. २३ नोव्हेंबरला टॉटनहॅमने मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर ४-० हरवलं, ग्रुपवर नुसता धिंगाणा चालू होता, पण तो एक शब्द बोलला नाही. वहीत त्याच्या नावाचा रकाना ओळीने पाच राउंड कोरा राहिला. दर आठवड्याला मी पट्टीने तो आखायची आणि दर आठवड्याला त्यात एक आडवी रेघ मारायची.

डिसेंबरमधल्या एका रात्री, अभ्यास टाळण्यासाठी माणूस जे वाचतो तसलं काहीतरी वाचत होते. इंग्लंडमध्ये ही अंदाजांची भानगड फार जुनी आहे. तिथे तिला फुटबॉल पूल्स म्हणतात. १९२३ साली जॉन मूर्स आणि त्याच्या दोन मित्रांनी लिटलवुड्स हा पूल सुरू केला. मँचेस्टर युनायटेडच्या मैदानाबाहेर ४००० कूपनं वाटली, त्यांतली भरून परत आली फक्त ३५! पुढे तोच पूल घराघरांत पोचला. १९६३ च्या हिवाळ्यात मात्र तिथे इतकं बर्फ पडलं की आठवडेच्या आठवडे मॅचेस होईनात. मग २६ जानेवारी १९६३ ला पूलवाल्यांनी एक पॅनेल बसवलं, त्यात माजी खेळाडू आणि एक माजी रेफरी. न झालेल्या मॅचेस झाल्या असत्या तर निकाल काय लागला असता, हे त्यांनी बसून ठरवायचं आणि तोच निकाल धरायचा.

वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, ते लोक न झालेल्या मॅचचासुद्धा विचार करून निकाल देत होते. मी झालेल्या गोष्टीचा देऊ शकत नाही?

दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळे जमले तेव्हा वही घेऊन गेले. सगळ्यांसमोर सांगितलं, "२ नोव्हेंबरचा निकाल चुकलाय. मॅच सहाला होती. कोल्हापूरला ९ गुण, तो पहिला. शेवटची मी. आणि हे मला महिनाभर माहीत होतं."

एक मिनिट कोणी बोललंच नाही. मग जळगाव म्हणाला, "आता? तो चहा पचलासुद्धा!" सगळे हसले. कोल्हापूर हसला नाही. तो म्हणाला, "मॅच सहाला हाय ते मला तवाच माहीत होतं की."

"मग बोलला का नाहीस?"

"तू काट मारलेलीस. वहीवाल्याशी कोण भांडणार?" जरा थांबून म्हणाला, "चहाचं काय नाही गं. पाडव्याला आमच्या भांड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. फोन गल्ल्यात होता. पाचला आठवलं, गिऱ्हाईक सोडून कोपऱ्यात जाऊन दहा मॅचेस लिहिल्या. आठवड्यात तेवढंच काय ते फुटबॉल असतंय माझं. तू एकदा विचारायचंस, उशीर का झाला."

यावर मला मराठीत काय, इंग्रजीतही काही सुचलं नाही. "सॉरी" म्हटलं आणि आठ कटिंग, आठ क्रीमरोलची ऑर्डर दिली. जरा वेळाने त्याला विचारलं, न्यूकॅसल १-० कसं काय ओळखलंस? आता मात्र त्याचा चेहरा उजळला. "आर्सेनलचा कॅप्टन ओडेगार्ड जखमी होता. आणि न्यूकॅसलचं मैदान गावाच्या मधोमध हाय, आमच्या शाहू स्टेडियमसारखं. असल्या ठिकाणी गर्दी अंगावर येते. तुझ्या त्या पॉयसाँला गर्दी कळते काय?"

त्या शनिवारपासून त्याचे अंदाज पुन्हा यायला लागले. वहीच्या शेवटच्या पानावर मी त्याचं नाव तारखेसह लिहिलं. माझी लाल काट मात्र खोडली नाही, तशीच ठेवली.

२७ एप्रिल २०२५ ला लिव्हरपूलने टॉटनहॅमला ५-१ हरवून लीग जिंकली आणि मे अखेरीस आमचीही बेरीज झाली. कोल्हापूर आठांत सातवा आला. त्या कोऱ्या पाच राउंडनी त्याला खाली ओढलं. नाशिकने सुचवलं, "त्याला पाच राउंडचे सरासरी गुण देऊया, त्या इंग्लंडच्या पॅनेलसारखे." मला ते लगेच पटलं. पण कोल्हापूरनेच मान हलवली. "न भरलेल्या अंदाजाचे गुण नकोत. तेवढे गेले ते गेले."

तेच मला अजून टोचतं. ९ गुण मी एका मिनिटात परत दिले. ते पाच शनिवार कुठून देणार? त्या दिवशी चहा पितानाच खरं बोलले असते तर त्यांतला एकही गेला नसता.

२०२५-२६ च्या सीझनला नवीन वही आणली. पहिल्या पानावरचा नियम आता असा आहे : 'अंदाज पहिली शिट्टी वाजायच्या आत.' वेळ लिहिलीच नाही. ती दर आठवड्याला बघून मी ग्रुपवर टाकते. 'उशीर म्हणजे उशीर' हे वाक्य मात्र ठेवलंय, शिस्त हवीच ना! फक्त त्याच्याखाली कोल्हापूरने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे : 'काट मारण्याआधी एक फोन.'

हा लेख द्यायलाही मला दोन दिवस उशीर झालाय. संपादक मंडळींनी काट मारण्याआधी फोन केला, त्याबद्दल त्यांचे आभार!